राज्य त्याच्यावरही येऊ द्या

प्रश्न : ताई, मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यातून लिहिते. मुलगा सात वर्षांचा आहे, त्याला सेरेब्रल पाल्सी आहे. दोन्ही पाय ताठ, उजव्या हाताची मूठ आवळलेली, डावा हात बरा चालतो. बोलतो, पण ते घरच्यांनाच कळतं. समजतं मात्र सगळं. जावेची मुलं ओसरीत खेळतात आणि हा बाजेवर बसून पाहतो. यालाही घ्या म्हटलं तर सासूबाई म्हणतात, "त्याले कायले तरास देता? पाहू द्या नं बसून." तान्हा पोळा जवळ आला. त्याच्याकडून काय करून घेऊ? बाजारातली खेळणी परवडत नाहीत.

उत्तर : ताई, बाजारात जाऊच नका. जे लागतं ते घरात आणि शेतात आहे. फिरती विशेष शिक्षिका म्हणून गावोगाव अशाच ओसऱ्यांवर बसून मी हे काम करते, म्हणून आधी बसण्याचं बोलते.

बाजेवर तो नीट बसूच शकत नाही. दोऱ्या मध्ये झुकतात, तोल जातो. मग सगळी ताकद सावरण्यात जाते, हात मोकळा राहत नाही. खाली पाय लांब करून बसवलं तर मांडीच्या मागचे ताठ स्नायू कंबर मागे ओढतात आणि पाठीला पोक येतं. त्याला घराच्या कोपऱ्यात, दोन्ही भिंतींचा आधार मिळेल असं ठेंगण्या स्टुलावर बसवा. गुडघे काटकोनात, तळपाय पूर्ण टेकलेले. पाय पोचत नसतील तर खाली पाट सरकवा. समोरची फळी त्याच्या कोपराच्या उंचीची हवी. एवढं झालं की डावा हात किती काम करतो ते तुम्हालाच दिसेल.

आता खेळ. अष्टाचंगा तुमच्याकडे खेळतातच. फोडलेले चिंचोके त्याच्या बोटांत येणार नाहीत. त्याऐवजी बांबूच्या चार चिपा काढा, बोटभर लांब, कडा घासून गुळगुळीत केलेल्या. आतली बाजू पांढरी, पाठ हिरवी, म्हणजे दान मोजायला तेच : जितक्या पांढऱ्या पडतील तितकं दान, चारही पांढऱ्या पडल्या तर चार, चारही पालथ्या पडल्या तर आठ. चिपा स्टीलच्या पेल्यात घालायच्या, त्याने पेला हलवायचा आणि उपडा करायचा. पट खडूने जमिनीवर न काढता फळीवर काढा आणि रेघांवर फेविकॉलने सुतळी चिकटवा. मग हात थरथरला तरी सोंगटी घरातून घसरत नाही. सोंगट्यांना बाटलीची बुचं घ्या, त्यात माती भरून मध्ये तुराटीचा तुकडा खोचा, वर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळा. मुठीत धरता येईल इतकी जाड होऊ द्या. फळीखाली ओलं फडकं घातलं की फळीही हलत नाही. आणि तो पेला सगळ्यांनीच वापरायचा. त्याच्यासाठी वेगळा आणि बाकीच्यांना चिंचोके, असं करू नका.

याच गोष्टीवर माझा सगळ्यात जास्त जोर आहे. मुलं अशा भावंडाला खेळायला घेतात तेव्हाही बहुतेक वेळा कच्चा लिंबू म्हणून घेतात. तो बाद होत नाही, त्याच्यावर राज्य येत नाही, त्याची सोंगटी कोणी मारत नाही. सात वर्षांच्या मुलाला हे बरोबर कळतं आणि लागतंही. तुमच्या मुलाची सोंगटी मारली गेली पाहिजे. तो रडला तर रडू द्या, बाकीचीही रडतातच. नियम बदलायचा तर सगळ्यांसाठी बदला.

लपाछपीतही त्याच्यावर राज्य येऊ शकतं. ओसरीच्या खांबाजवळ त्याला बसवा, डाव्या हाताशी बैलाच्या गळ्यातली घंटी टांगा. लपायचं ते अंगणातच, त्याच्या नजरेच्या टप्प्यात. कोणी दिसलं की त्याने घंटी वाजवून बोट दाखवायचं. लपलेल्याने त्याआधी येऊन खांबाला हात लावला तर राज्य पुन्हा त्याच्यावरच. मात्र मुलांना एक समजावून सांगा : याच्या कानाशी अचानक ओरडायचं नाही. दचकला की पाय आणखी ताठ होतात. आणि हात उचलायला त्याला वेळ लागतो. सगळ्यांनी मनात दहापर्यंत मोजायचं, मधे कोणी त्याचा हात धरून खेळी करायची नाही. मोठ्यांनीही नाही.

तान्ह्या पोळ्याचं म्हणाल, तर नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून हा सण मुलांचाच आहे. मोठ्यांच्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लेकरांनी आपला लाकडी बैल मिरवायचा. तेव्हा बैल त्याचा स्वतःचा हवा आणि सजवायचाही त्यानेच. मातीचा केलात तरी चालेल. काळी माती कोमट पाण्यात भिजवा, गार मातीने मूठ जास्त आवळते. उजव्या हाताची बोटं ओढून उघडू नका. मनगट अलगद खाली वाकवा, बोटं आपोआप सैल होतात, मग अंगठा टोकाला नाही, बुडाशी धरून बाहेर काढा. हा हात गोळा दाबून धरेल, डावा हात आकार देईल. उजव्याला एवढं काम रोज मिळालं तरी मोठी गोष्ट आहे. शिंगांना रंग द्यायला कुंच्याच्या दांडीवर कापडाच्या चिंध्या गुंडाळा. बेगड तुम्ही कापा, चिकटवू द्या त्याला. वाकडी लागली तर वाकडीच राहू द्या. तोरणाशी जाताना त्याला गाडीत किंवा कोणाच्या कडेवर बसवाल, तेव्हा बैलाची दोरी त्याच्या मनगटाला मुळीच बांधू नका, गर्दीत ओढ बसते. दोरीच्या टोकाला जाड लाकडी मूठ बांधून ती हातात द्या. सुटली तर पुन्हा देता येते.

सासूबाईंशी वाद घालू नका. त्यांना अष्टाचंग्याच्या पटावर त्याच्यासमोर बसवा. त्या या खेळात तुमच्या-माझ्यापेक्षा तरबेज असणार.

एक कामाचं : सेरेब्रल पाल्सी २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत येते. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढलं नसेल तर काढा आणि शाळेत नाव घातलं नसेल तर घाला. शाळेत विचारलंत की तालुक्याच्या विशेष शिक्षकांची गाठ पडेल.

प्रश्न : माझ्या नातीला अगदी कमी दिसतं, उजेड-अंधार तेवढा कळतो. भुलाबाईत, म्हणजे मुलींच्या त्या गाण्यांच्या सणात, तिला मुली मागे बसवतात. काय करावं? (एक आजोबा, भंडारा जिल्हा)

उत्तर : आजोबा, भुलाबाईत खाऊ ओळखायचा असतो तो डबा हलवून, आवाजावरून. तिथे तुमची नात कोणाच्याही मागे नाही. अडचण आहे ती फेराची. फेरात एकीने हात धरून तिला ओढत नेऊ नये, तिनेच पुढच्या मुलीचं कोपर धरावं, म्हणजे वळण आधी कळतं. अंगणातली पाटी, बादली, खुंट आधी उचलून ठेवा आणि ज्वारीच्या धांड्यांचा मखर बांधताना एकदा तिचे हात त्यावरून फिरू द्या. सुतळी लावलेला पट वर सांगितला आहे, तो तिलाही चालेल. तिच्या सोंगट्यांना मात्र खाच पाडा, दुसऱ्यांच्या साध्या ठेवा. घरात तोंडात वस्तू घालणारं लहान लेकरू असेल तर चिंचोके आणि कंचे खेळ झाल्याबरोबर मोजून डब्यात ठेवा. ते घशात अडकतात. आणि खाऊचा डबा रोज आजीनेच भरावा असं नाही. एखाद्या दिवशी नातीला भरू द्या, बाकीच्या मुलींना ओळखू द्या. फुटाणे आणि मुरमुरे एकत्र घातले तर भल्याभल्यांना ओळखू येत नाही, हे तिला हळूच सांगून ठेवा.