अमेरिकेला निघताना मुलाचा फुटबॉल सोडवावा का?

सप्रेम नमस्कार.

आपण विचारले आहे की, येत्या उन्हाळ्यात कोल्हापूर सोडून कुटुंबासह न्यू जर्सीला यायचे ठरले आहे, बारा वर्षांचा मुलगा पेठेतल्या तालमीच्या लहान संघात फुटबॉल खेळतो, आणि अमेरिकेत त्या खेळाला कोणी विचारत नाही असे ऐकल्यामुळे निघण्याआधीच त्याला बास्केटबॉलकडे वळवावे काय. व्हिसा, विमा, घरभाडे यांची माहिती सरकारी संकेतस्थळांवर माझ्यापेक्षा चांगली मिळेल, म्हणून त्याविषयी मी काही लिहीत नाही. एकटेपणाविषयीही आपण विचारले आहे. तो असतो, पहिली दोन वर्षे अधिक असतो, आणि माणूस त्यातून निभावतो. मी उत्तर लिहायला बसले ते मुलाच्या फुटबॉलसाठी, कारण २०१४ साली मंगळवार पेठेतून निघताना दहा वर्षांचा मुलगा आमच्याही सोबत होता आणि त्याच्या खेळाचे काय होईल हा विचार तेव्हा माझ्या मनाला शिवलासुद्धा नाही.

अमेरिकेत फुटबॉल खेळला जात नाही, हा समज आधी सोडून द्यावा. शनिवारी सकाळी कोणत्याही गावाच्या मैदानावर गेल्यास पाच-सहा वर्षांची शेकडो मुले रंगीत सदरे घालून चेंडूमागे धावताना दिसतात. ‘सॉकर’ हा शब्ददेखील अमेरिकनांनी तुच्छतेने काढलेला नाही. ‘असोसिएशन फुटबॉल’चे ते इंग्लंडमधल्या विद्यार्थ्यांनी केलेले लाडके रूप आहे. मात्र ही मुले बारा-तेरा वर्षांची झाली की त्यांच्यातली बरीच खेळ सोडून देतात, आणि मोठेपणी आपल्या गावाचा म्हणून जो संघ ती डोक्यावर घेतात तो बहुधा दुसऱ्याच खेळाचा असतो. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहारचा सामना असला की ज्यांनी आयुष्यात चेंडूला पाय लावला नाही तेही कामधंदा टाकून जातात, तशी गोष्ट येथे या खेळाच्या वाट्याला फार थोड्या ठिकाणी आली आहे.

असे का झाले याचा शोध मी मुलासाठी घेतला, आणि त्याचा आरंभ आमच्या घरापासून वीस मिनिटांवर निघाला. ६ नोव्हेंबर १८६९ रोजी न्यू जर्सीतल्या न्यू ब्रन्सविक येथे रटगर्स आणि प्रिन्स्टन या महाविद्यालयांत पंचवीस-पंचवीस खेळाडूंचा एक सामना झाला व रटगर्सने तो ६–४ असा जिंकला. अमेरिकन फुटबॉलचा, म्हणजे चेंडू हातात घेऊन पळण्याच्या येथल्या खेळाचा, पहिला आंतरमहाविद्यालयीन सामना म्हणून त्याची नोंद केली जाते, पण चेंडू हातात घेऊन पळण्यास त्यात मनाई होती, म्हणजे तो खेळ आपल्या फुटबॉलच्या अधिक जवळचा होता. हार्वर्डला मात्र रग्बीच्या पद्धतीचा खेळ आवडला. १८७४ साली त्यांनी कॅनडाच्या मॅकगिल विद्यापीठाशी तसा सामना खेळला, आणि १८७६ मध्ये प्रमुख महाविद्यालयांनी रग्बीचे नियम स्वीकारले. पुढे येलच्या वॉल्टर कॅम्प यांनी १८८० च्या सुमारास त्या नियमांना आजच्या अमेरिकन फुटबॉलचे वळण दिले. महाविद्यालयांत शिकणारी श्रीमंत मुले ज्या खेळामागे गेली त्याच्यामागे वृत्तपत्रे गेली, आणि नंतर पैसाही गेला. उन्हाळा बेसबॉलने आधीच व्यापलेला होता, आणि १८९१ साली स्प्रिंगफिल्डमध्ये जेम्स नेस्मिथ यांनी बास्केटबॉल शोधून काढल्यावर हिवाळाही भरून गेला. हे तिन्ही खेळ अमेरिकनांना आपल्या मातीतले वाटले. एखाद्या समाजाच्या मनात मोजक्याच खेळांना जागा असते, आणि ती एकदा भरली की नंतर आलेल्याला ओसरीवर बसावे लागते. आपल्याकडे क्रिकेटने इतर खेळांची जागा कशी घेतली हे आपण पाहिलेच आहे. कोल्हापूरच्या पेठा त्याला अपवाद ठरल्या म्हणून तर आपला प्रश्न उभा राहिला.

येथे ओसरीवर राहिलेला हा खेळ स्थलांतरितांनी जपला. न्यू जर्सीतल्या कर्नी गावात स्कॉटलंडहून आलेल्या सूतगिरणी कामगारांचा ओएनटी नावाचा संघ होता, आणि त्याने १८८५ पासून सलग तीन वर्षे अमेरिकन कप जिंकला. शंभर वर्षांनी जॉन हार्क्स, टॅब रामोस आणि टोनी मेओला हे राष्ट्रीय संघाचे खेळाडू त्याच परिसरातून पुढे आले. मॅसॅच्युसेट्समधल्या फॉल रिव्हरला कापडगिरण्यांचे कामगार होते, पेनसिल्व्हेनियातल्या बेथलेहेमला पोलादाच्या कारखान्याचे. १९२१ साली सुरू झालेल्या व्यावसायिक लीगमध्ये या गावांचे संघ इतके बळकट होते की युरोपातले खेळाडू तिकडे येत असत. १९२८ मध्ये ती लीग आणि राष्ट्रीय संघटना यांच्यात वैर पेटले, पाठोपाठ महामंदी आली, आणि ती लीग मोडली. १९३० च्या पहिल्या विश्वचषकात अमेरिकेने उपांत्य फेरी गाठली होती. १९५० साली ब्राझीलमध्ये तिने इंग्लंडला १–० असे हरवले, आणि तो गोल हैतीहून शिकायला आलेल्या जो गायत्जेन्स यांनी केला. तो सामना पाहायला एकच अमेरिकन वार्ताहर हजर होता असे सांगतात. त्यानंतर थेट १९९० पर्यंत अमेरिकेला विश्वचषकाची पात्रताच मिळाली नाही, म्हणजे दोन पिढ्या या खेळाचा आनंद न घेता मोठ्या झाल्या.

गोल कमी होतात, बरोबरी सुटत नाही, पंचेचाळीस मिनिटे खेळ न थांबल्यामुळे दूरचित्रवाणीला जाहिराती दाखवता येत नाहीत, अशी कारणे आपल्याला येथे हमखास ऐकायला मिळतील. जाहिरातींचे कारण मला पटते. गोलांचे पटत नाही, कारण आइस हॉकीतही गोल थोडेच होतात. १९९६ मध्ये मेजर लीग सॉकर सुरू झाली तेव्हा बरोबरी नको म्हणून खेळाडूने पस्तीस यार्डांवरून धावत येऊन गोल करण्याची वेगळीच पद्धत आणली होती. त्यामुळे नवे प्रेक्षक फारसे जोडले गेले नाहीत, जुने मात्र दुखावले, आणि चार हंगामांनंतर ती सोडून द्यावी लागली. पेले १९७५ मध्ये न्यूयॉर्क कॉसमॉसकडून खेळायला आले आणि १९७७ मध्ये सत्याहत्तर हजारांहून अधिक लोक एका सामन्याला जमले, तरी कॉसमॉस ज्या लीगमध्ये खेळे ती १९८४ च्या हंगामानंतर बंद पडली. आता मेस्सी मायामीला खेळतात आणि २०२६ च्या विश्वचषकाचा अंतिम सामना न्यू जर्सीतल्याच ईस्ट रदरफोर्डला ठेवलेला आहे. थोर खेळाडू आला की गर्दी होते, पण तो परतल्यावरही लोक का येत राहावेत, याचे उत्तर गल्लीत आणि शाळेत तयार व्हावे लागते. आणि शाळेविषयी मला जे सांगायचे आहे ते सांगणे मला अजूनही सोपे जात नाही.

शाळेत नाव घालताना एक फॉर्म भरून घेतात, त्यात घरी कोणती भाषा बोलता असे विचारलेले असते. मी अर्थात मराठी लिहिले. त्यावरून मुलाची इंग्रजीची चाचणी झाली, आणि कोल्हापुरात पहिलीपासून इंग्रजी माध्यमात शिकलेल्या माझ्या मुलाला इंग्रजी न येणाऱ्यांच्या विशेष वर्गात, ज्याला ईएसएल म्हणतात, रोज काही तास बसवण्यात आले. हा मला अपमान वाटला. मी पत्रे लिहिली, जुनी प्रगतिपुस्तके सादर केली, तीन वेळा रजा काढून शाळेत गेले, आणि चार महिन्यांनी त्याला त्या वर्गातून बाहेर काढले. जिंकल्याच्या आनंदात त्या रात्री मी पुरणपोळ्या केल्या होत्या. त्या वर्गात इक्वेडोर, पेरू आणि ग्वाटेमालाची मुले होती, मधल्या सुट्टीत ती मोडका चेंडू घेऊन फुटबॉल खेळत, आणि माझा मुलगा पहिल्या दिवसापासून त्यांच्यात खेळत होता, हे मला पुष्कळ नंतर कळले. त्याचा वर्ग बदलला तसे वेळापत्रक बदलले, सुट्टीची वेळ बदलली, आणि ती मुले सुटली. नव्या वर्गातली मुले सुट्टीत बास्केटबॉल खेळत किंवा अमेरिकन फुटबॉल फेकत. तो भिंतीशी उभा राहतो, असे एका शिक्षिकेने सांगितले, आणि तो नव्या वातावरणाचा परिणाम आहे असे मी तिला समजावले.

मग इथल्या पद्धतीने उपाय केला, म्हणजे पैसे भरून क्लब लावला. आपल्याकडे तालमीत पोरगा खेळायला गेला तर त्याच्या बापाकडे कोणी शुल्क मागत नाही. येथे चांगल्या प्रशिक्षणाच्या संघासाठी वर्षाला अडीच-तीन हजार डॉलर, त्यावर गणवेश, आणि सामन्यांसाठी दोन-दोन तास गाडी चालवणे. त्यामुळे हा खेळ एका बाजूला सधन उपनगरी मुलांचा आणि दुसऱ्या बाजूला रविवारी उद्यानात खेळणाऱ्या स्थलांतरित मजुरांचा राहिला आहे, आणि दोघांची गाठ क्वचितच पडते. ज्या मुलांच्या पायांत खेळ आहे त्यांच्या आईवडिलांना ते शुल्क परवडत नाही. अमेरिकेचा पुरुष संघ मागे का राहतो याचे मला दिसणारे सर्वांत मोठे कारण हेच आहे.

कागदपत्रांची एक गोष्ट आपल्याला नक्की उपयोगी पडेल. दहा वर्षांवरील परदेशात जन्मलेल्या मुलाची क्लबात नोंदणी करताना फिफाच्या नियमांमुळे अमेरिकेच्या राष्ट्रीय संघटनेची परवानगी लागते, आणि पालकांचे स्थलांतर फुटबॉलसाठी झालेले नाही हे त्यात दाखवावे लागते. लहान मुलांची खरेदी-विक्री थांबावी या चांगल्या हेतूने तो नियम केलेला आहे. पण कोल्हापुरात ज्याचे नाव कोणत्याही संघटनेच्या वहीत चढलेले नव्हते, त्या अकरा वर्षांच्या मुलासाठी मी नोकरीचे पत्र, भाडेकरार, व्हिसा आणि जन्मदाखला गोळा करत होते, आणि दाखल्यावर वडिलांच्या नावात एक अक्षर पासपोर्टहून वेगळे असल्यामुळे ती फाईल सात आठवडे अडली. तितके दिवस तो सरावाला जाई आणि शनिवारी सामना बाहेरून पाही. आपण निघण्यापूर्वी महापालिकेतून दाखला दुरुस्त करून घ्या. येथून ते काम फार जड जाते.

तो क्लबात रमला, आणि मग वयोगट मोजण्याची रीत बदलली. शाळेच्या वर्षाऐवजी जन्माचे कॅलेंडर वर्ष धरू लागले. माझ्या मुलाचा जन्म नोव्हेंबर २००३ चा, त्यामुळे तो स्वतःच्या इयत्तेच्या मुलांतून उठून एक इयत्ता पुढच्या मुलांत गेला. २०१७ च्या शरदात ती सारी मुले हायस्कूलच्या संघात खेळू लागली, क्लबचा संघ त्या ऋतूत उभाच राहिला नाही, आणि आठवीतल्या माझ्या मुलाला संघ नव्हता. (२०२६–२७ च्या हंगामापासून पुन्हा ऑगस्ट ते जुलै अशी गणना करण्याचे ठरले आहे, त्यामुळे आपल्या मुलावर ही वेळ बहुधा येणार नाही.) त्याच शरदात, ६ ऑक्टोबर २०१७ रोजी, दिल्लीत सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताचा पहिला सामना अमेरिकेशी झाला. भारताच्या संघात आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. शाळेतून आल्यावर मुलाने त्या सामन्याचे चित्रण एकट्याने पूर्ण पाहिले. भारत ३–० असा हरला. पुढच्या आठवड्यात मी त्याला विचारले की शाळेत कोणी त्याविषयी बोलले का, तेव्हा तो म्हणाला, “आई, आमच्या शाळेत कोणाला माहीतच नाही असा सामना होता म्हणून.” अमेरिका जिंकली होती, आणि अमेरिकेतल्या मुलांना ते ठाऊक नव्हते. कोण जिंकावे असे त्याला वाटत होते हे मी विचारले नाही.

हायस्कूलमध्ये शुक्रवारची रात्र अमेरिकन फुटबॉलची असते. सारे गाव लोटते, बँड वाजतो, माजी विद्यार्थी येतात. सॉकरचे सामने दुपारी साडेतीनला होतात, आणि नोकरी करणाऱ्या आईबापांनाही ते पाहता येत नाहीत. महाविद्यालयांचे गणितही तसेच आहे. २०२५ पर्यंतच्या नियमांत वरच्या विभागातल्या अमेरिकन फुटबॉल संघाला पंचाऐंशी शिष्यवृत्त्या देता येत, तर पुरुषांच्या सॉकर संघाला केवळ ९.९. टेक्सास, फ्लोरिडा, अलाबामा या मोठ्या विद्यापीठांत तर विद्यापीठाचा अधिकृत सॉकर संघ केवळ मुलींचा आहे. १९७२ च्या कायद्याने शिक्षणसंस्थांना मुलींना खेळात समान संधी देणे भाग पडले, आणि तिकडून या देशाच्या स्त्रियांनी हा खेळ जगात सर्वांच्या पुढे नेला. त्यांनी चार विश्वचषक जिंकले आहेत, आणि १९९९ च्या अंतिम सामन्याला रोझ बोलमध्ये नव्वद हजार प्रेक्षक होते. माझी धाकटी मुलगी गावच्या संघात खेळते आणि तिला कोणी विचारत नाही की हाच खेळ का. तिचे नाव शाळेत घालताना भाषेच्या रकान्यात मी इंग्रजी लिहिले. घरी आम्ही तिच्याशी मराठीतच बोलत होतो.

मुलाने दहावीत शाळेचा संघ सोडला. तीन वर्षे त्याने बुटांना हात लावला नाही. आता तो रविवारी सकाळी न्यू ब्रन्सविकला खेळायला जातो. तेथे मेक्सिकोच्या वाहाका प्रांतातून आलेली बरीच कुटुंबे राहतात, त्यांच्या उद्यानातल्या संघात तो उजव्या बाजूला खेळतो, आणि घरी येताना कागदात गुंडाळलेले तामाले, म्हणजे मक्याच्या पिठाचे उकडलेले पदार्थ, घेऊन येतो. स्पॅनिश तो तेथेच शिकला.

तेव्हा आपल्या मुलाला बास्केटबॉलकडे वळवू नका. आवडल्यास तो येथे येऊन तोही खेळेल. क्लबाच्या निवड चाचण्या बहुधा वसंतात, पुढच्या हंगामासाठी होतात, म्हणून उन्हाळ्यात पोहोचल्यावर एखाद्या संघात जागा शिल्लक आहे का हे लगेच विचारा, आणि शुल्क जड वाटल्यास मदत मागताना संकोच करू नका, कारण पुष्कळ क्लब ती देतात पण आपणहून सांगत नाहीत. शाळेच्या फॉर्मवर घरची भाषा मराठी असेच लिहा. चाचणीनंतर त्याला त्या विशेष वर्गात बसवले, तर पत्र लिहायला बसण्यापूर्वी एक दिवस मधल्या सुट्टीच्या वेळी शाळेच्या कुंपणापाशी जा आणि तो कोणाबरोबर खेळतो आहे ते पाहा.