एक महिन्याची पिल्लं आणि जिन्याखालचा संसार

प्रश्न : गल्लीतली कुत्री आमच्या जिन्याखाली व्याली. सहा पिल्लं झाली, एक दुसऱ्याच दिवशी गेलं. उरलेली पाच आता महिन्याची होतील. मुलं दप्तर फेकून थेट जिन्याखाली पळतात. सासूबाई वैतागल्यात, जिकडेतिकडे शी-शू, शिवाय पिल्लं साडीचे काठ ओढतात. दूध घातलं तर जुलाब होतात. 'खायला लागलीत ना, मग द्या की,' म्हणून गावातले तिघे मागे लागलेत, पण सगळ्यांना कुत्राच हवा आणि इथे तीन कुत्र्या आहेत. आम्हालाही एक ठेवायचं आहे.
— एक वाचक, कराड तालुका

उत्तर : मागायला येणाऱ्यांना चहा पाजा आणि आणखी महिनाभर थांबायला सांगा. दोन महिन्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडू नये. सध्या ती एकमेकांचे कान चावतात ना, ती त्यांची शाळा आहे. जोरात चावलं की समोरचं केकाटतं आणि खेळ मोडतो. आईला चावलं तर ती गुरकावते. दात किती रुतवायचे हे पिल्लू असंच शिकतं. नोकरीच्या सुरुवातीला मी पंचवीस दिवसांचं एक पिल्लू पदरात घालून घरी आणलं होतं. ही शाळा त्याने माझ्या हातांवर पूर्ण केली. दवाखान्यात म्हशी घेऊन येणारे लोक विचारायचे, 'बाई, घरी मांजर पाळलंय का?'

दूध बंद करा. कुत्रीच्या दुधात साखर कमी आणि स्निग्धांश, प्रथिनं जास्त असतात. गाईच्या दुधातली साखर पिल्लांना पचत नाही. गिच्च भात, त्यात कुस्करलेलं उकडलेलं अंडं किंवा कांदा-लसूण-मसाला न घातलेलं चिकन, असं दिवसातून चार वेळा पसरट ताटात द्या. पिल्लं ताटात उभी राहून जेवतील, राहू देत.

आईलाही पोटभर घाला, नेहमीच्या दुप्पट तरी. पाच पिल्लं तिच्या अंगावर पीत आहेत. व्याल्यानंतरच्या पहिल्या महिन्यात कधी कधी रक्तातलं कॅल्शियम एकदम उतरतं. ती थरथरायला लागली, पाय ताठले, धाप लागली तर सकाळची वाट पाहू नका. शिरेतून कॅल्शियम दिल्यावर अशी कुत्री डोळ्यांसमोर उठून बसते. उशीर झाला तर हातची जाते.

सासूबाईंची तक्रार मात्र रास्त आहे, मी त्यांच्याच बाजूची. जंत पिल्लांना आईच्या पोटातूनच येतात, दुधातूनही येतात. त्यामुळे टम्म फुगलेलं पोट म्हणजे बाळसं नव्हे. जंताचं औषध दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी द्यायचं असतं. तुमचं राहिलं असेल तर उद्याच पिल्लं वाण्याच्या तराजूवर तोला आणि वजनं घेऊन दवाखान्यात जा. या जंतांची अंडी मुलांच्याही पोटात जाऊ शकतात. पण ती बाधायला आधी शीमध्ये दोन-तीन आठवडे तरी पडून राहावी लागतात. म्हणून रोजच्या रोज शी उचलली, मुलांनी साबणाने हात धुतले, की निम्मी काळजी मिटते.

शू शिकवायची तर कोपऱ्यात अंगणातली माती भरलेली घमेली ठेवा. झोपून उठलं, जेवलं, खेळून दमलं की उचलून तिथे. नाक घासणं, वर्तमानपत्राने मारणं यातून ते एवढंच शिकतं, की शू कपाटामागे करायची.

पहिली लस सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान, मग दर तीन-चार आठवड्यांनी सोळाव्या आठवड्यापर्यंत. रेबीजची तीन महिन्यांची झाल्यावर. सगळ्या लसी होईपर्यंत त्यांना रस्त्यावर सोडू नका. पार्व्हो या उलट्या-जुलाबांच्या जीवघेण्या रोगाचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो आणि साध्या फिनेलला दाद देत नाही, ब्लीचिंग पावडर लागते. पण कडेवर घेऊन जग जरूर दाखवा : ट्रॅक्टर, कुकरची शिट्टी, छत्री, टोपीवाले आजोबा. तीन महिन्यांपर्यंत जे पाहिलं त्याची पुढे भीती वाटत नाही.

मुलांना दात किंवा नख लागून रक्त आलं, तर नळाखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठा. 'पिल्लूच तर आहे' म्हणू नका, आणि चुना-मिरची तर मुळीच लावू नका.

आता ठेवायचं कोणतं? कुत्रीच ठेवा. लोक तिला नाकारतात ते दर वेताच्या धास्तीने, आणि तो प्रश्न सहा महिन्यांच्या सुमारास एका शस्त्रक्रियेने सुटतो. एकच ठेवा; दोघी बहिणी ठेवल्यात तर त्या एकमेकींच्या होतील, तुमच्या नाही. दूध आटलं की आईचंही ऑपरेशन करून घ्या. नाहीतर सहा-आठ महिन्यांत पुन्हा तोच जिना.

प्रश्न : आमचं पिल्लू साडेचार महिन्यांचं आहे. चार्जर, चपला, सोफ्याचा कोपरा, सगळं कुरतडतं. एक दात पडलेलाही सापडला. आजारी आहे का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : अहो, दुधाचे दात पडताहेत. २८ पडून ४२ येणार, सातव्या महिन्यापर्यंत हिरड्या शिवशिवणारच. जुन्या पंचाला गाठी मारा, भिजवून फ्रीजरमध्ये ठेवा आणि द्या. शिजवलेली हाडं नकोत, त्यांच्या कपच्या होऊन आतडं फाटतं. चपला कपाटात, चार्जर ड्रॉवरमध्ये.

आणि दिवाळी तोंडावर आली आहे म्हणून सांगते : फटाक्यांबद्दल सगळेच लिहितात, मला लाडवातल्या बेदाण्यांची जास्त भीती वाटते. बेदाणे, मनुका, द्राक्षं कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतात, थोडीशी खाऊनही. चॉकलेटही विषच. फराळाचे डबे यंदा वरच्या फळीवर.