एका ‘हिम’नं अर्थ फिरतो

राजा,

तुझा मेलचा ड्राफ्ट वाचला. बाकी ठीक आहे, पण मीटिंगमध्ये टीम लीडरला झापलं त्या जागी तू "आय स्टूड बाय" लिहिलंस अन् तिथंच फुलस्टॉप दिला. तुला म्हणायचं होतं मी त्याच्या पाठीशी उभा राहिलो, पण वाचणारा समजेल हा पोट्टा नुसता पाहत राहिला. पुढे "हिम" टाक नं, स्टूड बाय हिम.

इतकं कळवळून लिहून राहिलो कारण माझ्या पहिल्या नोकरीत एका सहकाऱ्याच्या चौकशीत मी इंग्रजीत जबाब लिहून दिला, त्यात हीच चूक होती, तर वरच्यांनी मलाच विचारलं की तुम्ही बघ्याची भूमिका का घेतली? तो कागद त्या बिचाऱ्याच्या काहीच कामी आला नाही. अजून सलतं.

आपल्याकडं पाठीशी उभं राहणं वेगळं अन् बघ्याची भूमिका वेगळी, गफलत होतच नाही. इंग्रजीत दोन्हीला तेच शब्द, कारण मुळात अर्थ एवढाच की जवळ उभं राहणं, मग हात द्यायला उभा की तमाशा पाहायला, ते पुढच्या शब्दांवरून कळतं. जहाजावर खलाशांना स्टँड बाय म्हणायचे म्हणजे दोरापाशी तयार राहा, पुढचा हुकूम येऊन राहिला. डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनाच्या वेळी सिव्हिल लाइन्समधल्या पोलीस बंदोबस्तात वायरलेसवर हा शब्द आला तर तोच अर्थ. मे महिन्यात पारा ४५ वर असताना लाइन जाते अन् मंगल कार्यालयामागचा जनरेटर धडधडायला लागतो, तो स्टँडबाय जनरेटर. टीव्ही रिमोटनं बंद केल्यावर लाल ठिपका जळत राहतो, तोही स्टँडबायच, झोपला नाही, बटणाची वाट पाहून राहिला. अशा वेळी एकच शब्द जोडून लिहायचा, क्रियापद असलं की दोन तोडून, अन् भूतकाळ फक्त स्टँडचा होतो, स्टँडबायड नावाचं काही नसते.

आणखी एक, आपल्या शब्दावर ठाम असलो तर "आय स्टँड बाय व्हॉट आय सेड". हे मला फार आवडतं, पण ठाम असशील तरच लिही.

(निवडणुकीला आपण उभे राहतो, इंग्रजही उभे राहतात म्हणजे "स्टँड" म्हणतात, अमेरिकन मात्र धावतात, ते "रन" म्हणतात. हे तुला आवडेल म्हणून सांगितलं.)

शेवटी "आय ॲम स्टँडिंग बाय फॉर युवर रिप्लाय" लिहिलंस ते बरोबर आहे, ते ठेव. फक्त तो "हिम" टाकल्याशिवाय मेल पाठवू नको बाप्पा.