केक कापेपर्यंतची जबाबदारी

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले केकचे फोटो पाहिले. कडा सरळ, पाकळ्या नाजूक. हात चांगला बसलाय तुझा, त्याबद्दल मला काही सांगायचं नाही. बोलायचंय ते फोटो काढल्यानंतरच्या वेळेबद्दल. नाशिकरोडच्या एखाद्या हॉलमध्ये संध्याकाळी केकला सुरी लागेपर्यंत त्याची जबाबदारी तुझी असते, आणि घरून धंदा करणाऱ्या मुली नेमक्या तिथेच कमी पडतात.

आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो. त्या दिवसांत आयसिंग पहाटे उरकायचं. नॉन-डेअरी क्रीम फ्रीझरमधून काढलं की फ्रिजमध्येच वितळू दे. फेटायला घेताना त्यात बर्फाचे बारीक कण शिल्लक हवेत, भांडंही गार हवं. बटरक्रीमचे उंच गुलाब कुणी मे महिन्यात मागितले तर सरळ नाही म्हण आणि गनाश, म्हणजे चॉकलेट-क्रीमचं घट्ट मिश्रण, सुचव. एरवी दोन भाग डार्क चॉकलेटला एक भाग क्रीम घेतेस ना, उन्हाळ्यात चॉकलेट आणखी वाढव. पावसाळ्याचं दुखणं वेगळं. फॉन्डंट, म्हणजे केकवर लाटून घालायची साखरेची पोळी, दमट हवेत चिकटतं, आणि फ्रिजमधून काढल्यावर त्याला घाम सुटतो. म्हणून केक बंद डब्यातच राहू दे, म्हणजे पाणी डब्यावर धरेल. फॉन्डंटखाली व्हिप्ड क्रीम नको, गनाशच हवं.

फ्रिजचं अगदी स्पष्ट सांगते. चिरलेला कांदा, मेथी, सुकट यांच्या शेजारी क्रीम ठेवलंस तर वास लागणारच. एक कप्पा कायमचा केकचा, हे घरच्यांशी आधीच बोलून घे. आणि त्या कप्प्यात मावतील तेवढ्याच ऑर्डरी घे. डिसेंबरात मोह होईल, तरीही.

आता पोचवणं. स्कूटरवर पायाशी ठेवलेला केक द्वारका चौकाच्या गर्दीत दोनदा ब्रेक लागला की एका बाजूला सरकतो. रिक्षा किंवा गाडी कर. केक मांडीवर नको, सीटवरही नको, सीटला उतार असतो. सपाट तळावर, डब्याखाली न घसरणारी रबरी जाळी घालून. दोन मजली केक असेल तर आतून आधाराच्या काड्या घातल्याशिवाय घराबाहेर काढू नकोस.

खऱ्या फुलांची फॅशन आहे, आणि गुलाब तर आपल्या जिल्ह्यातच पिकतो. पण बाजारातला गुलाब खाण्यासाठी पिकवलेला नसतो, त्यावर औषध मारलेलं असतं. त्याचा देठ क्रीममध्ये खुपसू नकोस. गिऱ्हाईक हट्ट करेल, तेव्हा गमपेस्टचं, म्हणजे साखरेच्या लगद्याचं, फूल दाखव. सोनेरी पावडरीच्या डबीवर ती खाण्याची आहे असं छापलेलं नसेल तर ती केकला लावायचीच नाही. हा केक लहान मुलं खातात गं.

नावं मराठीत लिहायला शीक, तुझ्या कॉलेज रोडवर हे फार कमी जणींना जमतं. आधी अक्षरं काढायची, शिरोरेषा शेवटी एका दमात ओढायची. नाव, वेळ, एगलेस की अंड्याचा, हे सगळं व्हॉट्सॲपवर लिहून घे आणि निम्मे पैसे आधी घे, नात्यातल्यांकडूनही.

दर ठरवताना मैदा-क्रीमबरोबर डबा, बोर्ड, वीज, रिक्षाभाडं आणि तुझे तास धर. समज, साहित्य ३५० रुपयांचं, डबा-बोर्ड ६०, रिक्षा १२०, वीज-गॅस ४०, म्हणजे झाले ५७० रुपये. शेजारचं दुकान ६०० ला देतं म्हणून तूही ६०० लावलेस, तर चार तासांचे तुला ३० रुपये उरले. असा धंदा करण्यापेक्षा मैत्रिणीला केक प्रेमाने फुकट दे.

घरून विकायचं असलं तरी एफएसएसएआयची, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी लागते. ती ऑनलाइन होते. १४ आकडी नंबर मिळाला की डब्यावर छाप.

पहिली ऑर्डर घेण्याआधी एक कर. अर्धा किलोचा केक पूर्ण सजव, डब्यात घाल, भर दुपारी रिक्षाने माझ्याकडे इंदिरानगरला घेऊन ये. येताना पॅलेट नाइफ (क्रीम सारखं करायची बोथट सुरी) आणि थोडं क्रीम जवळ ठेव, वाटेत काय बिघडलं ते आपण डबा उघडून बघू.

तुझी,
मावशी