म्हशीचं कातडं जाड म्हणून दुप्पट औषध? मुळीच नको

प्रश्न : म्हशींना गोचीड फार झालेत. दुकानदार म्हणतो, म्हशीचं कातडं जाड, पाठीवर ओतायच्या औषधाचा डोस दुप्पट टाका. पिकाच्या फवारणीचं उरलेलं औषधही चालेल. सडांनाही चिरा पडल्यात.

उत्तर : दुप्पट नको. फवारणीचं तर नकोच नको.

कातडीचे थर माणसाला तीन, म्हशीलाही तीनच : बाह्यत्वचा, अंतस्त्वचा, खाली चरबीचा थर. म्हशीची जाडी असते ती मधल्या थरात, ज्याचं चामडं होतं त्यात. औषध अडवतो तो बाह्यत्वचेचा सर्वांत वरचा मृत पेशींचा पापुद्रा. तळहात-तळपाय सोडले तर तुमचाही कागदाहून पातळ, म्हशीचाही तसाच. शिवाय केसांच्या मुळांतून औषध आत जातं ते वेगळंच. पाठीवर माशी बसली की म्हैस तेवढीच कातडी थरथरवते, बघितलंय ना? कातडीखाली स्नायूचा पातळ पडदा असतो. आपल्याकडे तो मुख्यतः मान-चेहऱ्यापुरता उरलाय. माशीचे पाय जिला कळतात तिला तुम्ही जाड कातडीची म्हणता!

डोस ठरतो वजनावर, जाडीवर नाही. पिकाच्या औषधातली द्रावकं (औषध विरघळवणारे पदार्थ) पानांसाठी असतात. कातडी भाजते आणि विष आत जातं. असं दुप्पट ओतलेली म्हैस मी पाहिलीय : सकाळी तोंडातून लाळेच्या तारा, पाय लटपटत. असं दिसलं तर साबणपाण्यानं लगेच धुवा, आणि डॉक्टरांना बोलावून बाटली दाखवा. दुकानदाराला विचारत बसू नका.

वेळही चुकते. म्हशीला घामाच्या ग्रंथी गाईपेक्षा खूपच कमी, म्हणून ती चिखलात लोळते आणि तुम्ही औषध त्या चिखलावर ओतता! आदल्या दिवशी धुवा, पाठ कोरडी होऊ द्या, मग उन्हं उतरल्यावर लावा. जखमेवर, खरचटल्यावर नाही. तिथं पापुद्राच नसतो. इंजेक्शन, फवारा, पाठीवरचं औषध असं एकदम तिन्ही करू नका. दूध किती दिवस वापरायचं नाही ते लेबलवर वाचा. दुभत्या जनावराला आयव्हरमेक्टिन (गोचीड-जंतांवरचं औषध) आपल्या मनानं टोचू नका.

गोचिडाची मादी अंडी घालते गोठ्याच्या फटीत, हजारोंनी. फटी लिंपल्याशिवाय बाटल्या ओतून उपयोग नाही. आणि रोज खरारा करा. हे मी प्रत्येक गोठ्यात सांगतो, ऐकतात थोडे. पाच मिनिटं हात फिरला की गोचीड बोटाला लागतो, कोंडा निघतो, जखम वेळेत दिसते.

सडांचं : तिथं केस नाहीत, घामाच्या आणि तेलाच्या ग्रंथीही नाहीत, म्हणून ती कातडी लवकर सुकते. अंगाचा साबण बंद. धार काढण्याआधी स्वच्छ पाण्यानं धुऊन कोरडं पुसा, धार झाल्यावर ग्लिसरीन असलेल्या आयोडीनच्या द्रावणात सड बुडवा. माणसाचं खाजेचं मलम लावू नका, त्यात बहुधा स्टेरॉइड असतं.

विमा असेल तर कानातला बिल्ला शाबूत ठेवा आणि औषध दिल्याची तारीख लिहून ठेवा.