‘स्पिरिटेड अवे’ या जपानी अ‍ॅनिमेशन सिनेमात भाताचा गोळा खाताना चिहिरो ही छोटी मुलगी का रडते? तिला मदत करणाऱ्या हाकू या मुलाने त्यात खरंच मंत्र घातला होता का? आणि तसा गोळा घरी कसा करायचा?

मंत्रबिंत्र काही नव्हता. हाकू खोटं बोलला, पोरीच्या पोटात चार घास जावेत म्हणून.

प्रसंग नीट आठवा. आईबाबा आदल्या संध्याकाळी कुणी नसलेल्या दुकानात ताटंच्या ताटं संपवून डुकरं झालेत. युबाबा या चेटकिणीनं तिला कामावर घेताना नावसुद्धा काढून घेतलंय, नुसतं ‘सेन’ ठेवलंय. सकाळी हाकू तिला आईबाबा दाखवायला नेतो, मग बाहेर झुडपांच्या आडोशाला तिचे कपडे परत देतो. त्यात मैत्रिणीनं दिलेलं निरोपाचं कार्ड निघतं आणि तिला कळतं, आपण आपलं नाव विसरायलाच आलो होतो. आणि तेव्हा तो भाताचा गोळा पुढे करतो. ती नको म्हणते. तो म्हणतो, तुला बळ यावं म्हणून मंत्र घालून केलाय. एक घास, दुसरा घास, आणि मग ते टपोरे अश्रू. दहा वर्षांची मुलगी तोवर भ्यायली होती, धावली होती, पण धाय मोकलून रडली नव्हती. रडायला तिला सवडच कुणी दिली नव्हती.

मी नऊ वर्षांची होते तेव्हा आई अचानक दवाखान्यात दाखल झाली. बाबा तिच्यापाशी. घरी मी आणि दादा, तो चौदाचा. शेजारून डबा यायचा, मी हात लावायचे नाही. रडायचेही नाही, नुसती खिडकीत बसायचे. तिसऱ्या रात्री दादानं ताटलीत भात आणून ठेवला. म्हणाला, “आईनं पाठवलाय, तुझ्यासाठी.” भात खाली लागलेला होता, मीठ जास्त झालं होतं. मी सगळा संपवला आणि जी रडायला लागले ती थांबेचना. तो शेजारी बसून राहिला, एक शब्द बोलला नाही.

आई बरी होऊन घरी आली. पुढे दोन-तीन वर्षांनी आम्ही दोघांनी मिळून हा सिनेमा पाहिला. त्या प्रसंगाला मी म्हटलं, हाकू थापा मारतोय. दादा चिडून म्हणाला, “मंत्र होता. तो स्वतः सांगतोय ना?” तो वाद अजून मिटलेला नाही.

लोक या सिनेमातलं खाणं म्हटलं की आईबाबांची मेजवानी आठवतात. माझ्या मते तिथे खाणं आहे, जेवण नाही. हाकूनं आधी दिलेलं ते लाल फळही वेगळं: त्या आत्म्यांच्या जगातलं काही पोटात गेलं नाही तर ती विरून जाईल, म्हणून दिलेलं औषध. जपानी पुराणात इझानामी देवी पाताळातलं अन्न खाते आणि तिला परत येता येत नाही; दिग्दर्शक मियाझाकीनं ते उलटं फिरवलंय. मग भाताचा गोळा कशाला? कारण जिवंत राहायची सोय झाली होती, पण ‘तू जेवलीस का’ हे कुणी विचारलं नव्हतं.

आता कृती. आखूड दाण्याचा, चिकट होणारा जपानी तांदूळ घ्या. मोकळ्या भाताचा गोळा धरत नाही. हात ओले करून तळव्याला मीठ चोळा आणि भात गरम असतानाच तीन बाजूंनी हलका दाबा. व्हिनेगर नको, ते सुशीच्या भातात. आणि गोळा दुसऱ्यासाठी करा, स्वतःसाठी केलात तर तो नुसता भात.

हाकूला मंत्र येतात हे खरं, आणि तो थाप मारतोय असं सिनेमात कुठेही म्हटलेलं नाही. तेव्हा माझं म्हणणं सिद्ध करता येणार नाही, हे कबूल. पण तुमच्या घरी कुणी जेवत नसेल तर समजवत बसू नका. कुणाचंही नाव सांगा, पण ताट पुढे ठेवा. आणि तो खायला लागला, रडायला लागला, तर का रडतोस विचारू नका.

दादा आजही म्हणतो, भात आईनंच पाठवला होता. त्या रात्री पाणी प्यायला उठले तेव्हा मोरीत पातेलं भिजत घातलेलं मी पाहिलं होतं, तळाशी काळा थर असलेलं.