नागपुरात घर बांधताना लाल विटा घ्याव्यात की फ्लाय अ‍ॅशच्या?

बेसा भागात प्लॉट आहे, डिसेंबरात पाया काढतोय, ठेकेदार फ्लाय अ‍ॅशच्या विटा म्हणतो आणि वडील लाल विटांवर अडून आहेत, असं तुम्ही लिहिलंय.

फ्लाय अ‍ॅशच्या घ्या. फ्लाय अ‍ॅश म्हणजे कोळशाच्या वीजकेंद्रातली राख, आणि कोराडी-खापरखेड्याच्या केंद्रांची राख इथल्या इथे आहे, विटा एका मापाच्या निघतात, जोडाईला आणि प्लास्टरला माल कमी लागतो. वडिलांसमोर दोन्ही प्रकारची एकेक कोरडी वीट तोला, २४ तास पाण्यात बुडवून पुन्हा तोला. वजन २० टक्क्यांहून जास्त वाढलं तर ती गाडी परत पाठवा, मग वीट लाल असो की राखाडी.

मी लिहायला बसले ते मात्र वेगळ्याच कारणाने. आमच्या हुडकेश्वरच्या घराला फ्लाय अ‍ॅशच्याच विटा आहेत आणि खालच्या हॉलचं छत पहिल्याच पावसाळ्यात जिन्याजवळ गळलं. आमचे भासरे, म्हणजे यांचे थोरले भाऊ, मी त्यांना भाऊजी म्हणते, गेली नऊ वर्षं साऱ्या नात्यात सांगतात, "राखेच्या विटा लावल्या, म्हणून गळलं." स्लॅबमध्ये वीट असते का? गिट्टी, रेती, सिमेंट, लोहा आणि पाणी. त्यातलं पाणी चुकलं. ते कसं चुकलं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

यांची नोकरी तेव्हा चंद्रपूरला, साइटवर मी उभी राहायची. मी शिक्षिका, सुट्ट्या मेमध्ये, म्हणून स्लॅबही मेमध्ये धरला. पहाटे पाचला सुरू करू, असं मी म्हणत होते. भाऊजींनी साडेदहाचा मुहूर्त काढून आणला. मिक्सर सुरू झाला तेव्हा उन्हातल्या गिट्टीला हात लावता येत नव्हता. सुरुवातीच्या गोण्यांचा माल बरा होता, पण बाराच्या सुमारास तो घमेल्यातच आवळायला लागला. वरून मिस्त्री ओरडला, "पानी छोड!" पोऱ्याने मिक्सरमध्ये पाइपच सोडला. मी मध्ये पडले, मोजून टाका म्हटलं. भाऊजी सगळ्या मजुरांसमोर म्हणाले, "तू चहाचं पाय. माल सैल असला का चांगला बसते."

मी चहाचं पाहायला गेले. त्या दिवशी मी हटायला नको होतं.

संध्याकाळी पाचला वर चढले तर जिन्याच्या बाजूला केसाएवढ्या भेगा पसरलेल्या. मिस्त्रीने सिमेंटचं पाणी फिरवून बुजवल्या. स्लॅबवर पाणी साठवायचे क्यारे दुसऱ्या दिवशी दुपारी बांधले. चौथ्या दिवशी बोअर आटली, टँकरचे पैसे वाचवायचे म्हणून सहाव्या दिवशी तराई, म्हणजे स्लॅब पाण्याने ओला ठेवणं, बंद झाली. जुलैत छत टपकायला लागलं.

सिमेंटला घट्ट व्हायला लागतं त्याहून जास्त पाणी घातलं की ते नंतर उडून जातं आणि जाताना बारीक वाटा मागे ठेवतं. पावसाचं पाणी त्याच वाटांनी खाली येतं. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकानुसार साध्या घराच्या एम २० (२८ दिवसांनी २० एन/मिमी² ताकदीच्या) काँक्रीटमध्ये पाणी सिमेंटच्या वजनाच्या ०.५५ पटीच्या वर जाता कामा नये, म्हणजे ५० किलोच्या गोणीला साडेसत्तावीस लिटर. रेती ओली असेल तर त्याहून कमी. तराई उन्हाळ्यात किमान दहा दिवस, आणि बाजारात बहुतेक पीपीसी (राख मिसळलेलं) सिमेंट मिळतं, त्याला चौदा धरा.

चार वर्षांनी वरचा मजला काढला तेव्हा भाऊजींना मी पूजेला बोलावलं, मालाला नाही. फेब्रुवारी महिना, सकाळी सहाची सुरुवात. एका बादलीवर ९ लिटरची लाल खूण केली आणि गोणीला तीन बादल्या, थेंब जास्त नाही. मिस्त्री कुरकुरला, तर इंजिनिअरला विचारून पाणी न वाढवता माल सैल करणारं प्लास्टिसायझर आणवलं आणि माल हलवून नीट बसवणारे व्हायब्रेटर दोन ठेवले. संध्याकाळी बारदानं ओली करून अंथरली, सकाळी क्यारे भरले, चौदा दिवस आटू दिले नाहीत. त्याच मालाचे ठोकळे (क्यूब) भरून तपासायला दिले, २८ दिवसांनी ताकद २० च्या जागी २३ च्या वर आली. तो स्लॅब पाच पावसाळ्यांत एकदाही पाझरला नाही. त्या मजल्यालाही राखेच्याच विटा आहेत, भाऊजींनी येऊन मोजाव्यात.

माल फार कोरडाही ठेवू नका, लोह्याभोवती पोकळ्या राहतात आणि खालून गिट्टी उघडी दिसते. मी इंजिनिअर नाही, लोह्याचं आणि पायाचं डिझाइन स्ट्रक्चरलवाल्याकडूनच करून घ्या. प्लॉटवर काळी माती असेल तर पाया कडक मुरमापर्यंत न्या, प्लिंथ बीम (जोत्याच्या पातळीची काँक्रीटची बीम) सोडू नका आणि भरावात तीच माती परत टाकू नका. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, भिंतीला तिरपी भेग जाते आणि त्याचंही खापर विटांवरच फुटतं.

डिसेंबरात पाया म्हणजे तुमचा स्लॅब एप्रिलच्या तोंडावर येईल. दिवाळी झाली की लगेच पाया काढता येतो का, ते पाहा. नाहीच जमलं तर स्लॅबच्या आदल्या संध्याकाळी गिट्टीवर पाणी मारून ती झाकून ठेवा, पहाटे सुरुवात करा आणि मिक्सरजवळ तुम्ही स्वतः उभे राहा. कुणी चहाचं पाहायला सांगितलं तरी हलू नका.